गुळाच्या रंगाचा कापूस

एमेरिता, जन्मल्याबरोबर तुझ्या पोटाला जो पट्टा गुंडाळला तो चोरीचा आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. तो नाचून मिळवलेला आहे. सगळं गाव नाचलं, तुझी आजी नाचली, सरकारी माणूस नाचला, आणि तू पोटात असताना मीही पोटाखाली हात धरून एक फेरी घेतली.

आता तू कोंबड्यांच्या मागे पळतेस, म्हणून कोंबड्यांपासूनच सांगते. आपल्या कोंबड्या गावात सगळ्यांत गुबगुबीत आहेत, कारण त्या ढेकूण खातात. खाटेतले नव्हेत, कापसावरचे, तांबडे. या ढेकणांची खोड अशी की नर आणि मादी शेपटीला शेपटी जोडून हिंडतात. एक पुढे चालतो, दुसरा उलट्या पावली फरफटत जातो. मी या घरात नवी होते तेव्हा तुझ्या आजीने मला ते बोट करून दाखवले.

"हे बघ, नवरा-बायको."

"तुमच्या दोघांत पुढे कोण होतं, आई?" मी विचारलं.

"मी. पण तुझा सासरा मरेपर्यंत समजत होता की तोच पुढे आहे."

हे ढेकूण बोंडात सोंड खुपसून सरकीचा रस पितात आणि कापसाला पिवळे डाग पाडतात. तुझ्या बाबांच्या, म्हणजे तेयोच्या, पांढऱ्या कापसाचं एक अख्खं वर्ष त्यांनी असं डागाळून टाकलेलं मी पाहिलंय. म्हणून कापूस-खात्याचा नियम खुळचट आहे असं मी कधी म्हणणार नाही. नियम असा: वेचणी संपली की पऱ्हाट्या मुळासकट उपटायच्या आणि जाळायच्या, पाटाच्या कडेचं तण खणून काढायचं, आणि पुढच्या पेरणीपर्यंत खोऱ्यात कापसाचं एकही जिवंत झाड ठेवायचं नाही. खायलाच मिळालं नाही की कीड मरते. त्या दिवसांना आम्ही 'स्वच्छ शेत' म्हणतो. या दिवसांत ज्याच्या दारात झाड सापडेल त्याला पुढच्या हंगामाचं बियाणं मिळत नाही.

गाव नियम पाळतं. त्या वर्षीही आम्ही बायका पाटाच्या कडेला ओळीने बसून खुरपत होतो. डोंगरातून नवं पाणी येतं ते येताना सगळ्या मुलखाचं तण घेऊन येतं. पाटाच्या अलीकडे पाहावं तर हिरवं रान माजलेलं, आणि पलीकडे हात लांब केला की कोरडी वाळू. घोळ निघाली ती आम्ही भाजीसाठी ओटीत टाकत होतो. हरळी निघत होती. लव्हाळा मात्र निघता निघत नव्हता.

"वरून उपटा नाहीतर खणून काढा, खाली गाठ राहतेच," कासिमिरा कुरकुरली. ती माझी मोठी जाऊ. "अगदी त्या कापूस-खात्याच्या इंजिनियर सावालेतासारखा. मागे वाटलं, बदली झाली याची. परत उगवला."

"इंजिनियरची गाठ कुठे असते ते सापडलं तर मलाही सांग," आजी म्हणाली, आणि सगळ्या ओळीचं खुरपणं काही वेळ बंद पडलं.

आता झाडाचं सांगते. स्वयंपाकघराच्या कुडामागे, खुराड्याला लागून, आजीचं कापसाचं झाड होतं. शेतातल्या पांढऱ्या कापसासारखं दरवर्षी उपटायचं नव्हे. जुन्या जातीचं, वर्षानुवर्षं जगणारं, छपराच्या वर गेलेलं. त्याचं बोंड फुटलं की आतून गुळाच्या ढेपेच्या रंगाचा कापूस निघायचा. त्याला रंगवावं लागत नाही, आणि धुतला की आणखी गडद होतो. पूर्वी प्रत्येक घरामागे असं एक झाड असायचं. खात्याचा सगळ्यांत जास्त राग याच झाडावर, कारण ते बारा महिने उभं राहतं आणि बाकी शेतं साफ असताना किडीला घर देतं. एकेक करत गावातली सगळी झाडं गेली आणि आपलं एक उरलं.

मूल जन्मलं की बेंबी नीट बसावी, पाठ ताठ व्हावी, म्हणून याच सुताचा पट्टा त्याच्या पोटाला बांधायचा. आपल्या घरातही एक होता. पण तो कासिमिराकडे गेला आणि तिच्या पोरांच्या रांगेतून परत आला तेव्हा त्यातून चुलीतला विस्तव दिसत होता.

"दुकानच्या दोऱ्यात माझं नातवंड बांधायचं नाही," आजीने सांगून टाकलं.

झाडाला बोंडं लागली होती, पण हिरवी, घट्ट. फुटणार होती ती कार्निवलच्या सणाच्या सुमाराला. तेवढे दिवस झाड उभं राहायला हवं होतं, नाहीतर तुझा पट्टा गेला, आणि तुझ्या मागून येणाऱ्या गावातल्या सगळ्या पोरांचाही.

दरवर्षी आजी त्या झाडावर वालाचा वेल चढवायची. वेल असा दाट पसरायचा की साहेब शेजारून जाऊन वालाच्या शेंगांचं कौतुक करायचे. त्या वर्षी पाणी उशिरा आलं, वेल करपला, आणि झाड आंघोळीला बसलेल्या माणसासारखं उघडं पडलं.

ढेकणांच्या बाबतीत मात्र आजीने कधी ढिलाई केली नाही. झाडापासून थोड्या अंतरावर ती गोणपाटावर ओल्या सरकीचा ढीग घालायची. सकाळी ऊन आलं की ढेकूण जोडीजोडीने त्या ढिगावर जेवायला जमायचे, आणि आजी किटली घेऊन जायची. उकळत्या पाण्यातून वाचले ते कोंबड्यांना. हा उपाय तिने सावालेतासाहेबांच्याच भाषणात ऐकला होता. "सरकारचं सगळंच टाकाऊ नसतं," ती म्हणायची.

मग एका दुपारी कासिमिरा धापा टाकत बातमी घेऊन आली. "इंजिनियर येतोय. कार्निवलच्या रविवारी."

"रविवारी? त्या दिवशी तर पाद्रीसुद्धा जागेवर नसतो," आजी म्हणाली.

"म्हणूनच. सगळे घरी सापडतील म्हणतो. प्रत्येक घराचा मागचा भाग बघणार आहे."

तेयो जेवत होता. त्याने चमचा खाली ठेवला. "आई, झाड आजच काढू. बियाणं मिळालं नाही तर मी पेरू काय, फुगे?"

फुगे हा शब्द ऐकताच आजीच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. तू ते हसू ओळखतेस. तुझ्या तोंडात औषधाचा चमचा घालण्याआधी येतं ते.

"कासिमिरा, यंदा युन्सेचा मान कुणाचा?" तिने विचारलं.

मान कासिमिराच्याच नवऱ्याचा होता, नेमेसियोचा. युन्सा म्हणजे कार्निवलला रानातून झाड तोडून आणायचं, चौकात खड्डा करून रोवायचं, त्याला फिती, फुगे, रुमाल, बादल्या टांगायच्या. मग जोडीजोडीने त्याच्याभोवती नाचत प्रत्येकाने कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा. ज्याच्या घावाने झाड पडेल, त्याने पुढच्या वर्षीचं झाड आणायचं. गेल्या वर्षी नेमेसियोच्या हातून चुकून पडलं होतं, आणि तेव्हापासून तो रोज उद्या रानात जाणार होता.

"त्याला सांग, रानात जाऊ नकोस," आजी म्हणाली. "यंदाची युन्सा माझ्या परसात. झाड रोवलेलंच आहे."

नेमेसियो म्हणे हे ऐकून पलंगावरून न उठताच सासूच्या कल्पनेला मान डोलावून पुन्हा झोपला. सासू कसली, स्वतःची आईच ती. पण कामाची गोष्ट निघाली की तो सगळ्यांशी जावयासारखा वागतो.

चिक्लायोच्या बाजारातून आम्ही दुकानचा कापूस आणला, कॉफीच्या पाण्यात बुचकळला, वाळवला आणि त्याचे बोळे करून झाडभर चिकटवले. मग दारांवर, कुंपणावर, खुराड्यावर, नेमेसियोच्या गाढवाच्या खोगिरावर. शनिवारी रात्री तेयो कंदील घेऊन बघायला आला. खरी बोंडं फुटायला लागली होती. गुळाच्या रंगाची ती बोंडं त्या कॉफीच्या बोळ्यांत अशी मिसळून गेली की मलाच ओळखू येईनात.

"आता बेत असा," आजीने सगळ्या बायकांना सांगितलं. "त्याला मक्याची आंबवलेली चिचा पाजायची, नाचवायचं. तो झोपला की 'राहिलंच यंदा, उद्या पाडू' म्हणायचं आणि उठायचं."

रविवारी साहेब फटफटीवरून आले. अंगणात पाय ठेवतात तोच कासिमिराच्या पोरांनी छपरावरून बादली ओतली आणि पाठोपाठ पीठ. साहेबांनी मिशांवरची कणीक पुसली, टोपी झटकली आणि "शुभ कार्निवल" म्हणाले. माणूस शांत. एवढा शांत की आजीला तिथेच संशय यायला हवा होता.

आजीने भोपळ्याच्या वाटीतून चिचा दिली. ते ती प्यायले आणि वाटी हातात धरूनच झाडाभोवती एक चक्कर मारून आले.

"दोन्या बाल्दोमेरा, यंदा युन्सा चौकात नाही?" त्यांनी आजीला मानाने हाक मारून विचारलं.

"चौकात वारा फार, इंजिनियर. चिचेत वाळू पडते."

"झाड कुणी आणलं?"

"मी," मागून नेमेसियो म्हणाला. "लांबून."

"पानं फार ताजी आहेत."

"पाणी घालतोय ना," आजी म्हणाली.

"मुळांना?"

"मुळं कुठली? बुडाला."

साहेबांनी हात वर करून एक बोळा तोडला, चुरगळला, हुंगला. "कॉफी," ते म्हणाले. दुसरा तोडला. "कॉफी." तिसरा तोडला आणि चुरगळता चुरगळता त्यांची बोटं थांबली. बोटांत सरकी होती. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. ती काडेपेटी सगळं खोरं ओळखतं; एका शेतात सापडलेली कीड दुसऱ्या शेतात दाखवायला ते त्यातून नेतात. सरकी तिच्यात ठेवून त्यांनी पेटी बंद केली. तेयोचा चेहरा कणकेपेक्षा पांढरा झाला.

"छान युन्सा आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे आज पडणार."

"पडेल की," आजी म्हणाली. "आज नाही तर उद्या."

"युन्सा उद्या पडत नाही, दोन्या. मीही इथल्याच किनारपट्टीचा आहे. हे झाड युन्सा असेल तर आज दिवे लागायच्या आत पडेल. आणि युन्सा नसेल तर मग तो कापूस, आणि मला बियाणं बंद करावं लागेल. मला दोन्ही चालेल. तुम्ही सांगा, काय आहे ते."

आजीच्याच फासात आजीचाच पाय अडकला होता. तिने तेयोकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं.

"युन्सा," ती म्हणाली.

साहेबांनी खुर्ची मागितली, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि दुसरी वाटी पुढे आली ती हाताने परत सारली.

वाजंत्री सुरू झाली. पहिली जोडी नेमेसियो आणि कासिमिरा. आजीने कानात सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं: कुऱ्हाडीची उलटी बाजू. नेमेसियोने इतका हळू घाव घातला की बुंध्यावरचा ढेकूणसुद्धा जागचा हलला नाही. कासिमिराने कुऱ्हाड वाळूत टाकली आणि सगळ्यांना मिळून ती बराच वेळ सापडेना. मग एक जोडपं झाडाला सोडून एकमेकांवरच रुसलं. मग तेयो आणि मी. तेयोच्या हातात कुऱ्हाड होती आणि डोक्यात बियाणं. त्याने ती वर उचलली, तशी मी पोटाखाली हात धरून त्याच्यासमोर गोल फिरले, त्याला विसर पडू नये म्हणून. घाव झाडाच्या शेजारून गेला.

"वारा कापलात, तेयो," साहेब खुर्चीतून म्हणाले.

ऊन कलायला लागलं. त्या उन्हात झाडावर आणखी बोंडं उकलत होती. मी आजीजवळ गेले.

"आई, सगळी फुटली. आता तोडून घेता आली असती तर..."

"तोडायला गेलं तर तो म्हणेल, युन्सेची लूट झाड पडल्याशिवाय होत नाही," आजी म्हणाली, आणि तिथेच तिच्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं. मग उठली आणि बायकांमधून एकेकीच्या कानाशी लागत फिरली. कासिमिरा ऐकता ऐकता तोंडावर हात ठेवून खाली बसली.

त्यानंतर आजी सरळ साहेबांच्या खुर्चीपुढे गेली आणि हात पुढे केला.

"चला, इंजिनियर. तुमच्याशिवाय हे पडायचं नाही."

वाजवणाऱ्यांचा ढोल एक ठोका चुकला. पण कार्निवलला नाचाचा हात झिडकारत नाहीत. ते उठले.

मी तुला सांगते, ती जोडी बघायला हवी होती. आजी पुढे आणि साहेब मागे मागे, कुऱ्हाड सांभाळत. मला ढिगावरच्या ढेकणांची आठवण झाली आणि हसू दाबताना तू आतून लाथ मारलीस. साहेब घाव घालायला बुंध्याशी वाकले की आजीचा घागरा गिरकी घेऊन नेमका तिथे यायचा, आणि घागऱ्याखाली तिची अनवाणी बोटं.

"जरा पाय बाजूला घ्या, दोन्या."

"पाय बाजूला घेऊन नाचू कशी? तुम्ही वर घाला की."

ते थोडे वर आले. घागराही वर आला. आणखी वर. शेवटी कंबरेएवढ्या उंचीवर जागा मोकळी सापडली, आणि तिथे त्यांनी घातला तो घाव खरा होता, धारेच्या बाजूने. दुसऱ्या घावाला झाड करकरलं. तिसऱ्याला ते फिती, फुगे, बादल्यांसकट खुराड्यावर आडवं झालं.

एरवी झाड पडलं की लोक बादल्यांवर तुटून पडतात. मोठी बादली मिळवण्यासाठी सख्ख्या बहिणींनी एकमेकींचे दात पाडलेले आहेत. त्या दिवशी नव्याकोऱ्या बादल्या वाळूत गडगडत गेल्या आणि त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. गावातल्या झाडून सगळ्या बायका कापसाच्या बोळ्यांवर पडल्या. दाबून बघायच्या, आत सरकी लागली तर ओटीत, नाही लागली तर फेकून. कासिमिराने भाच्याच्या तोंडावर पाय ठेवून वरच्या फांदीची बोंडं काढली. फुगे फुटत होते, कोंबड्या ओरडत होत्या.

साहेब कुऱ्हाडीवर रेलून बघत होते. "या गावात बादल्यांची चंगळ दिसते," ते म्हणाले.

लूट संपली. फांद्या तिथेच जाळल्या. मग साहेबांनी कुदळ मागितली. "आता बुंधा. मुळासकट."

"बुंधा?" आजीने असं विचारलं की जणू त्यांनी वेदीवरचा क्रूस मागितला. "युन्सेचा बुंधा कसा काढता येईल? तो पुढच्या कार्निवलपर्यंत राहतो. ज्याने पाडली त्याने नवं झाड आणायचं, आपल्या हाताने जुना बुंधा खणून काढायचा आणि त्याच खड्ड्यात नवं रोवायचं. रीत आहे."

मी ही रीत जन्मात ऐकली नव्हती. कुणीच ऐकली नव्हती. युन्सेचं झाड मुळात तोडून आणलेलं असतं, त्याला बुंधा उरतोच कुठे? पण सगळं अंगण गंभीरपणे माना हलवायला लागलं. गावातले सगळ्यांत म्हातारे डॉन गुमेर्सिंदो काठी टेकत उठले.

"माझ्या आजोबांच्या वेळी तर," ते म्हणाले, "बुंध्याला टोपी घालायचे. थंडी वाजू नये म्हणून."

नेमेसियोने आपली टोपी काढली आणि बुंध्यावर ठेवली. वर्षभरात त्याने आपणहून केलेलं तेवढं एक काम.

साहेब त्या टोपीकडे बघत राहिले. मिशा थरथरत होत्या, रागाने की कशाने ते कळेना.

"म्हणजे पुढच्या वर्षी मी. माझ्या हाताने."

"तुमच्याच हाताने."

"तोवर याला फुटवे आले तर?"

"टोपी आहे ना."

"आणि फुटव्यांवर ढेकूण?"

"कोंबड्या आहेत."

त्यांनी फटफटीला लाथ मारली. जाताना काडेपेटी मात्र खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी बायका एकेक करून आल्या आणि ओटीतला कापूस आमच्या टोपलीत टाकून गेल्या. कापूस दिला, सरकी प्रत्येकीने स्वतःकडे ठेवली. मला वाटलं, कोंबड्यांसाठी. आजीने टकळीवर सूत काढलं. मग कंबरेला बांधायच्या मागाचं एक टोक स्वतःच्या कंबरेला बांधलं आणि दुसरं त्या टोपीवाल्या बुंध्याला, आणि मागे रेलून विणायला बसली. शेवटचा धागा ती आत सारत होती तेव्हा मी दाराची चौकट धरून उभी होते आणि तू निघालीच होतीस.

"थांब म्हणावं जरा," आजी म्हणाली. "गाठ मारू दे."

तू थांबलीस. तेव्हापासून तू आजीचंच ऐकतेस.

पेरणीच्या पाहणीला साहेब परत आले तेव्हा आजी तुला घेऊनच पुढे गेली. गुळाच्या रंगाचा पट्टा, त्यात तू, डोळे मिटून.

"हिच्या पट्ट्याचं झाड ज्याने पाडलं, त्याच्याशिवाय हिचा धर्मपिता दुसरा कोण होणार?"

आपल्याकडे या मागणीला कुणी नाही म्हणत नाही. आणि एकदा कोंपाद्रे-कोमाद्रे, म्हणजे लेकराच्या नात्याने सोयरे, झाले की एकमेकांवर बोट दाखवता येत नाही, हेही सगळ्यांना माहीत. साहेबांनाही.

"माझ्या हातात कुऱ्हाड दिलीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी तुला घेतलं, अवघडून, काडेपेटीतली कीड सांडू नये अशा बेताने. "पण बुंधा मी काढणार, कोमाद्रे. तो मान माझा आहे."

"काढा की," आजी म्हणाली.

बुंध्याला फुटवे आले होते. पण आजीने त्यांना पाणीच घातलं नाही. मी घालायला गेले तर तिने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. महिने गेले, फुटवे वाळले, टोपीखाली नुसतं लाकूड उरलं. मी आडोशाला जाऊन थोडी रडले. आजी वालाचं बी भिजत घालत होती.

या कार्निवलला साहेब ट्रकवर विलोचं झाड घालून आले. स्वतः खणून बुंधा काढला, मुळांचे तुकडे वेचले, जाळले. सगळं नियमाप्रमाणे. घाम पुसत आजीकडे पाहिलं.

"कोमाद्रे, डोळ्यांत पाणी नाही?"

"धूर इकडे वळला की येईल."

मग त्यांनी मला हात केला आणि तुला घेतलं. तू त्यांच्या मिशा धरल्यास. आणि ते हसता हसता थांबले. तुझ्या टोपड्यावर एक ढेकूण चालला होता. तांबडा. त्याच्या मागे, शेपटीला शेपटी जोडून, उलट्या पावली दुसरा.

साहेबांनी राखेकडे पाहिलं. तो बुंधा कित्येक महिने मेलेला होता. शेतं साफ होती, पाट साफ होता, लव्हाळासुद्धा खणून काढलेला होता. त्यांची नजर हळूहळू वर गेली. कासिमिराच्या खुराड्यामागे वालाचा वेल होता. यंदा पाणी वेळेवर आलं होतं, वेल जोरात होता. पण नुसत्या वेलाला एवढं पोट नसतं. त्याच्या पलीकडच्या घरामागे दुसरा वेल. त्याच्या पलीकडे आणखी एक. डॉन गुमेर्सिंदोंच्या संडासामागे सगळ्यांत दाट.

अंगणातल्या सगळ्या बायकांना एकदम कामं आठवली. तेयोने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी ती जोडी दोन बोटांत अलगद उचलली. दुसऱ्या हाताने, तू कडेवर असतानाच, काडेपेटी काढली, अंगठ्याने उघडली. बराच वेळ तशीच धरली. मग बंद करून खिशात टाकली.

"कोमाद्रे," ते आजीला म्हणाले, "ओल्या सरकीचा ढीग सावलीत घालू नका. ढेकूण उन्हाला येतात. भिंतीच्या पूर्वेला घाला. प्रत्येक घरी, आणि रोज. एक दिवस चुकला आणि खालच्या शेतात एक डाग दिसला, तर मी कुणाचा कोंपाद्रे नाही."

"कुठला ढीग, कोंपाद्रे?"

"जो नाहीये तो."

त्यांनी खाली वाकून ती जोडी आमच्या तांबड्या कोंबडीसमोर सोडली. तिने एकदाच चोच मारली आणि दोघंही गेले. पुढे कोण होतं, ते कुणालाच दिसलं नाही.